बंदरावरच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी डेबियन : कामाच्या नोंदी

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार

गणपती जाऊन आठवडा झाला, मुंबईवाले सगळे परत गेले, आता विंडोजच्या शेजारी डेबियन, म्हणजे लिनक्सची एक सिस्टम, टाकायचं काम हातात घेतो. देवगड बंदरावर काकांचं छोटं ऑफिस आहे, बर्फ आणि मासळीच्या गाड्या, त्यात एकच कॉम्प्युटर. आय५-६५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. येत्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट बंद होणार आणि हे मशिन विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, कारण इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो आणि हा सहाव्या पिढीचा आहे. घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा अपडेट घ्यायची सोय आहे खरी, पण वर्षभराने परत इथेच येऊन उभं राहायचं.

मशिन चांगलं चालतंय, फेकायचं कारण नाही. अडचण एकच, बिलाचा प्रोग्रॅम. तो फक्त विंडोजवर चालतो, ज्यांनी लिहून दिला ते आता हे काम करत नाहीत, आणि बिल निघतं डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, पॅरलल पोर्टच्या जाड केबलने. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायचं साधन) माझ्या लॅपटॉपवर चालवून बघितला, उघडतो, पण प्रिंटचं बटण दाबलं की बंद पडतो. डेबियनच्या आत व्हर्च्युअल मशिनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा नकली कॉम्प्युटर) विंडोज टाकावं तर ८ जीबी रॅम, फिरती डिस्क आणि तो पॅरलल पोर्ट, तिन्ही गोष्टी आड येतात.

म्हणून ठरवलंय असं : विंडोज आहे तसं ठेवायचं, फक्त बिलासाठी, आणि १४ ऑक्टोबरला त्याचं नेट कायमचं काढायचं. बँक, मेल, सरकारी पोर्टल, जे जे नेटवर जातं ते सगळं शेजारी डेबियनवर. काकांना सांगितलं तर म्हणाले, "पयलां माझा बिल होऊक व्हया, मगे तुझा काय ता कर." ही अट मी पहिल्या पानावर लिहून ठेवलीय, कारण पहाटेची गाडी बिलाशिवाय हलत नाही.

१४ सप्टेंबर

आधी बॅकअप. बिलाच्या फोल्डरची कॉपी एक्स्टर्नल डिस्कवर घेतली आणि चुलत भावाच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम टाकून ती उघडून बघितली, मागच्या वर्षीचं एक बिल, परवाचं एक बिल, दोन्ही दिसली. नुसती कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं मी धरत नाही, उघडून दिसेपर्यंत ती फक्त कॉपी.

मग क्लोनझिला पेनड्राइव्हवरून चालू करून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घेतली. क्लोनझिला वापरलेले ब्लॉकच उचलतो, त्यामुळे ९३१ जीबीच्या डिस्कची इमेज दीडेकशे जीबीत बसली. (डब्यावर १ टीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर ९३१ दाखवतो. डबा हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने. काकू विचारत होत्या की बाकीचे ६९ गेले कुठे, म्हणून लिहून ठेवलं.) मध्ये एकदा लाइट गेली, यूपीएसने वीस मिनिटं धरलं आणि लाइट आली. बॅटरी जुनी आहे, याच्याकडे बघायला हवं.

२० सप्टेंबर

डिस्कवर जागा करायची. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह श्रिंक (लहान) करायला घेतला, मला ३०० जीबी हवे होते, विंडोज म्हणतं ११८ च देतो. सातशेच्या वर जीबी रिकामे असताना. कारण असं की काही फाइली विंडोज जागची हलवत नाही, हायबरनेशनची (रॅममधलं सगळं डिस्कवर साठवून झोपण्याची), पेजफाइलची (रॅम अपुरी पडली की लागणारी), रिस्टोअर पॉइंटची, आणि यातली एखादी डिस्कच्या मध्यावर बसलेली असली की श्रिंक तिच्यापर्यंतच येऊन थांबतो. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी /एच ऑफ देऊन हायबरनेशन बंद केलं, पेजफाइल तात्पुरती बंद केली, सिस्टम प्रोटेक्शन बंद केलं, रिस्टार्ट केलं, आणि मग चारशेच्या वर मिळत होते. ३०० घेतले, पेजफाइल परत चालू केली, परत रिस्टार्ट, बिलाचा प्रोग्रॅम उघडून एक टेस्ट बिल काढलं. ठीक.

हायबरनेशन बंद केल्याने दुसरंही काम झालं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप म्हणजे शटडाउन करताना अर्धवट झोपणं, कर्नल (सिस्टमचा गाभा) डिस्कवर साठवून ठेवतं, आणि अशा वेळी दुसऱ्या सिस्टमने त्याच्या एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या त्या भागावर, लिहिलं तर डेटा बिघडू शकतो. शेजाऱ्याने दार उघडं टाकून डुलकी काढलीय आणि आपण जाऊन त्याचं सामान हलवतोय, तसंच ते. आता शटडाउन म्हणजे खरंच शटडाउन.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं) चालू नाही हेही बघून घेतलं. असता तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवल्याशिवाय पुढे हात लावला नसता.

२१ सप्टेंबर

रात्री डेबियन १३ ची डीव्हीडी इमेज उतरवली. ९ ऑगस्टला आलेली ट्रिक्सी, नवीकोरी. छोटी नेटइन्स्ट घेतली नाही, कारण ती इन्स्टॉल होताना बाकीचं सगळं नेटवरून ओढते आणि बंदरावर दुपारी नेट कधी बसेल सांगता येत नाही, अर्ध्यावर अडकलेलं इन्स्टॉल मला नकोय. उतरल्यावर सर्टयुटिलने एसएचए५१२ (फाइलीचा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) काढून डेबियनच्या यादीशी ताडून बघितलं, १२८ अक्षरं, जुळली.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज काकांचं दुपारी एकपर्यंत आटपलं, मग मशिन माझ्या ताब्यात.

सिक्युअर बूट (साइन नसलेली सिस्टम चालू होऊ न देणारी सोय) चालूच ठेवलं, डेबियन १० पासून त्याची साइन केलेली शिम, म्हणजे सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम, येते, बंद करायची गरज पडत नाही. पार्टिशन हाताने केली, "सगळी डिस्क वापरा" या ओळीकडे बोटही जाऊ दिलं नाही. रूटला (सिस्टमला) ६० जीबी, स्वॅपला (डेबियनच्या पेजफाइलला) ८, होमला (आपल्या फाइलींना) १३०, आणि राहिलेले शंभरेक जीबी दोन्हींचं सामायिक पार्टिशन, विंडोजमध्ये ई ड्राइव्ह. ईएफआय पार्टिशन (सिस्टम चालू करणाऱ्या फाइलींचं) विंडोजने केलेलं १०० एमबीचं आहे तेच वापरलं, फॉरमॅट न करता. डेबियन त्यात आपला एक फोल्डर करतो, थोडेच एमबी लागतात, कर्नल तिकडे ठेवत नाही.

सामायिक पार्टिशन एक्सफॅट करावं की एनटीएफएस यावर बराच वेळ घालवला. एक्सफॅट दोन्हीकडे सरळ चालतं, पण त्याला जर्नल (अर्धवट राहिलेलं लिहिणं सावरायची नोंद) नसतं, आणि इथे परतीच्या पावसात दिवसातून दोनदा लाइट जाते. एनटीएफएसला जर्नल आहे, लिनक्स कर्नलमध्ये ५.१५ पासून एनटीएफएस३ ड्रायव्हरही आहे. एनटीएफएस केलं. पुण्यात बसून हे केलं असतं तर कदाचित एक्सफॅट घेतलं असतं.

डेस्कटॉप एक्सएफसीई, फिरत्या डिस्कवर हलका पडतो. इन्स्टॉलरने शेवटी विचारलं की मशिनचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) आहे का, मी हो म्हटलं आणि पुढे गेलो.

रिस्टार्ट केल्यावर ग्रबच्या (चालू होताना सिस्टम निवडून देणारा प्रोग्रॅम) मेनूत फक्त डेबियन. विंडोज नाही. काका मागे उभे होते, त्यांचा चेहरा बघून मी आधी बायॉसच्या बूट मेनूतून विंडोज उघडून दाखवलं, मग परत डेबियनमध्ये आलो. ग्रब २.०६ पासून दुसरी सिस्टम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद ठेवलेला असतो, त्याची ओळ डिफॉल्ट फाइलमध्ये फॉल्स करायची आणि सुडो अपडेट-ग्रब द्यायचं. दिलं, "फाउंड विंडोज बूट मॅनेजर" अशी ओळ आली, मेनूत विंडोज आलं. डीव्हीडीवरून टाकलं की एपीटीच्या (डेबियनचे प्रोग्रॅम उतरवणारा) यादीत सीडीरॉमची ओळ राहते, अपडेट करताना डिस्क मागत बसतं, ती ओळ पण काढली.

२९ सप्टेंबर, सोमवार

पहाटे पावणेसहाला काकांचा फोन. "ह्या बिलार कालची तारीख कित्याक इली?"

धावत गेलो. बिल काढलं होतं ५ वाजून १० मिनिटांनी, छापलं होतं २८ तारीख, रात्री ११.४०. गाडी उभी, बर्फ वितळतोय, ड्रायव्हर कालच्या तारखेचं बिल घ्यायला तयार नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. विंडोजमध्ये तारीख हाताने बदलून बिल परत काढलं, गाडी गेली. आधीच्या बिलावर काकांनी रद्द असं लिहून सही केली.

आता कारण नीट लिहितो, कारण ही चूक माझी आहे आणि पुढे कोणी हे वाचून करणार असेल तर त्याच्या पहाटे असं व्हायला नको. मदरबोर्डवर एक घड्याळ असतं, मशिन बंद असलं तरी चालणारं. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून ते तसंच चालत आलंय, त्यात नुसते आकडे असतात, वर्ष महिना तारीख तास मिनिट. ते आकडे कुठल्या गावचे हे त्यात लिहिलेलं नसतं. विंडोज समजतं की ते इथलेच, भारतीय वेळेचे. युनिक्सच्या घराण्यात वेळ मोजतात १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, यूटीसीमध्ये, आणि स्थानिक वेळ दाखवताना वरून जोडतात. (त्यामुळे युनिक्सचा शून्याचा क्षण आपल्याकडे पहाटे साडेपाचचा होता.) मी इन्स्टॉलरला हो म्हटलं म्हणून डेबियनने नंतर घड्याळात यूटीसी लिहिलं, आणि विंडोजने ते आकडे आपले म्हणून वाचले. साडेपाच तास मागे. शनिवारी दुपारी मी विंडोज उघडून दाखवलं तेव्हा डेबियनने घड्याळ अजून लिहिलेलं नव्हतं, रविवारी बिलं नव्हती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि नेमकी पहाटे साडेपाचच्या आतली बिलं होती म्हणून नुसती वेळ नाही, तारीखच बदलली. दुकान दहाला उघडणाऱ्याकडे हे झालं असतं तर पहाटे साडेचारची वेळ छापली असती, तारीख तीच राहिली असती, आणि कदाचित आठवडाभर कळलं नसतं.

उपाय दोन. एक, डेबियनला सांगायचं की घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव, टाइमडेटसीटीएलने एका ओळीत होतं, आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची भानगडही नाही, त्यामुळे बरेच जण हेच करतात. पण तसं केलं की टाइमडेटसीटीएल स्वतःच इशारा देतं की हे पूर्ण सपोर्टेड नाही. दुसरा, विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात) टाइमझोन इन्फर्मेशनच्या खाली रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची ३२ बिट डीवर्ड व्हॅल्यू करून तिला १ द्यायचा, म्हणजे विंडोजही त्या आकड्यांना यूटीसी समजतं. मी दुसरा घेतला. १४ तारखेनंतर विंडोजला नेट असणारच नाही, त्याला खरी वेळ सांगणारं कोणी राहणार नाही. नेटवरून वेळ डेबियनच घेणार आणि मशिनच्या घड्याळात लिहिणार. घड्याळाचा मालक एकच असला पाहिजे.

३० सप्टेंबर

पहाटे साडेचारला स्वतः जाऊन बसलो. पहिलं बिल ४.५२, मोबाइलवर ४.५२. पाचही बिलं बघितली, तारीख बरोबर. काका काही बोलले नाहीत, चहा पुढे केला.

२ ऑक्टोबर, दसरा

मशिनला हार घातला, काकूंनी हळदकुंकू लावलं. त्याआधी झाकण काढून आतली धूळ साफ केली, आणि बरं झालं काढलं. घड्याळाची सीआर२०३२ सेल नऊ वर्षं जुनी, मीटरवर २.६ व्होल्ट, नवी ३ च्या वर असते. खालच्या पितळी पट्टीवर हिरवट बुरशीसारखं चढलेलं. बंदरावरच्या हवेत मीठ असतं, इथे बिजागऱ्या गंजतात तिथे ही पट्टी कशी राहणार. पट्टी खोडरबराने घासून मग स्पिरिटने पुसली, नवी सेल बसवली, बायॉसमध्ये वेळ यूटीसी टाकली. बायॉसच्या स्क्रीनवर वेळ साडेपाच तास मागे दिसते, ती आता तशीच बरोबर आहे, कोणी "दुरुस्त" करू नये म्हणून झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवली.

ग्रबच्या मेनूचीही नावं बदलली. "डेबियन जीएनयू/लिनक्स" आणि "विंडोज बूट मॅनेजर ऑन अमुक" याने काकांना काही कळत नाही, आणि का कळावं. इंग्रजी अक्षरांत दोनच ओळी ठेवल्या, बिल आणि बँक. ४०_कस्टम फाइलमध्ये बिलाची ओळ हाताने लिहिली, विंडोजच्या बूट फाइलला चेनलोड करणारी, म्हणजे पुढचं काम तिच्याकडे सोपवणारी. बिल आधी, पंधरा सेकंद थांबून आपोआप तेच चालू. काका पहाटे बटण दाबतात आणि शटर उघडायला जातात, परत येईपर्यंत विंडोज उघडलेलं पाहिजे.

५ ऑक्टोबर

आज काकूंचा दिवस. त्यांना मराठीत टाइप करायचं होतं, होड्यांची यादी आणि कुणाचं किती येणं. आयबस (इतर भाषांत टाइप करायचा प्रोग्रॅम) आणि त्याचं इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची मांडणी) टाकलं, लोहित फॉन्ट टाकला. जुनी यादी विंडोजवर जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये होती, डेबियनवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, म्हणून परत टाइप करायचं ठरलं, नावं चाळीसच आहेत.

एका होडीच्या नावात "दर्या" आहे. काकूंनी टाइप केलं आणि स्क्रीनवर आलं "दऱ्या". त्या लगेच म्हणाल्या, "हो दर्यो न्हय, ह्यो डोंगरातल्यो." म्हणजे डोळ्यांना लगेच कळतं. इनस्क्रिप्टवर जे म्हणजे र, शिफ्ट-जे म्हणजे ऱ. समुद्राचा दर्या हवा तर द नंतर जे, डी, स्लॅश, ई. दोन डोंगरांमधल्या दऱ्या हव्या तर जे शिफ्टसकट. शिफ्टवर बोट जरा जास्त राहिलं तर होडी घाटावर जाते. किनाऱ्यावर, वाऱ्यावर, बिजागऱ्या, या सगळ्यांना शिफ्ट लागतं. काकूंनी एका कागदावर दोन्ही शब्द आणि त्यांच्या चार चार की लिहून मॉनिटरच्या कडेला लावल्या. दोन तासांत तीस नावं झाली.

९ ऑक्टोबर

दुपारी विजांसकट पाऊस, लाइट गेली, यूपीएस पाच मिनिटांत बसला, विंडोज चालू असतानाच मशिन बंद पडलं. लाइट आल्यावर काकूंनी बँक निवडलं तर काळी स्क्रीन, इमर्जन्सी मोड, रूटचा पासवर्ड द्या.

फोनवर मला आधी वाटलं डिस्क गेली. जाऊन बघितलं तर डेबियन ठणठणीत होता, अडकला होता सामायिक पार्टिशनपाशी. बंद पडताना त्यावर बिलाची पीडीएफ लिहिली जात होती, एनटीएफएसवर अस्वच्छ असल्याची खूण राहिली, आणि एनटीएफएस३ ड्रायव्हर अशा पार्टिशनला फोर्स दिल्याशिवाय माउंट करत नाही, म्हणजे जोडून घेत नाही. हे त्याचं योग्यच आहे. माझं चुकलं ते एफएसटॅबमध्ये, कुठली पार्टिशन जोडायची त्या यादीत. त्या ओळीत मी नोफेल लिहिलं नव्हतं, त्यामुळे सिस्टमडीला (डेबियन चालू करणाऱ्या प्रोग्रॅमला) वाटलं की हे पार्टिशन नसेल तर पुढे जायचंच नाही. रूट आणि होम नसेल तर थांबणं समजू शकतं, पण ई ड्राइव्ह नाही म्हणून काकूंची बँक अडता कामा नये. नोफेल घातलं. फोर्स मात्र घातला नाही, मुद्दाम. विंडोजमध्ये जाऊन चेकडिस्क /एफ चालवलं, दोन मिनिटांत खूण निघाली, परत डेबियनमध्ये सगळं उघडलं. ज्याची फाइल सिस्टम त्याच्याच हत्याराने दुरुस्त करावी.

काकूंसाठी वहीत लिहिलं : ई ड्राइव्ह दिसला नाही तर बाकी काम करा, संध्याकाळी मला सांगा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शेवटचे अपडेट घेतले, रिस्टार्ट केलं, मेनूचा क्रम तसाच आहे ना बघितलं (ईएफआयबूटमॅनेजरमध्ये डेबियन पहिला, ठीक). मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये विंडोजचं नेटवर्क कार्ड डिसेबल. ब्राउझरचा आयकॉन डेस्कटॉपवरून काढला. बाहेरचा पेनड्राइव्ह विंडोजला लावायचा नाही, आधी डेबियनवर उघडून बघायचा, हे काकांनी मान्य केलं.

डेबियनवर रोज दुपारी दोनला सामायिक पार्टिशनमधल्या बिलांची आरसिंकने एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम करणारा) लावली.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. आज मुद्दाम पहाटे चारपासून बसलो, काही न करता नुसतं बघायला. ४.३५ ला काकांनी बटण दाबलं आणि शटर उघडायला गेले, आले तेव्हा बिलाचा प्रोग्रॅम समोर. बांगड्याचे क्रेट भरले जात होते, बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज. ४.५० ला लाइट गेली, यूपीएसवर बिल पूर्ण झालं, मशिन नीट बंद केलं, दहा मिनिटांनी लाइट आली. पुढचं बिल ५.१२, तारीख २६. बारा दिवस विंडोजला नेट नाही, मोबाइलच्या घड्याळाशी लावून बघितलं, मिनिटाचाही फरक नाही. दुपारी काकू बसल्या, बँक उघडली, दोन होड्यांचे पैसे आले होते ते यादीत टाकले, शिफ्ट न दाबता.

बाकी : यूपीएसची नवी बॅटरी, १२ व्होल्ट ७ एएच, उद्या आणायची.